पाचोळ्याला काडी लावण्याआधी

आम्ही लालबाग-परळच्या चाळींत राहणाऱ्या बचत गटाच्या बायका.

अंगण झाडायचं, पाचोळ्याचा ढीग करायचा, त्यातच दुधाच्या रिकाम्या पिशव्या टाकायच्या आणि काडी लावायची. तुमच्याकडे होतं तसंच इथंही होतं. थंडीत सकाळचा धूर वर जात नाही, गॅलरीत कोंडून राहतो. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंना दमा आहे. त्या दिवसांत त्या खिडकी लावूनच बसतात.

जाळायला मनाई जुनीच आहे. महापालिकेच्या २००६ च्या उपविधींत दंड होता १०० रुपये. शंभराला कोण भितंय? १ एप्रिल २०२५ पासून तो १,००० झाला. आणि हे मुंबईपुरतं नाही बरं का. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच देशभर उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली. साधा कचरा जाळला तर ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये दंड.

पण पाचोळा उचलायला गाडीच आली नाही, तर झाडणारीनं करायचं काय? काडी तीच लावते आणि बोलणीही तीच खाते. म्हणून आम्ही तिच्यासोबत बसून मार्ग काढला. जुन्या पिंपाला भोकं पाडली. पाचोळ्याचा थर, त्यावर भाजीची देठं-सालं, मग मूठभर माती. आठवड्यानं खालीवर करायचं, कोरडं वाटलं तर पाणी शिंपडायचं. काही महिन्यांत खत होतं. तुमच्याकडे तर शेणकाला आहे, खड्ड्याला जागा आहे.

प्लास्टिक मात्र वेगळं ठेवा. गावी आलो की दिसतं, चूल पेटवायला पिशवीचा तुकडा घालतात. तो विषारी धूर थेट तुमच्या आणि कडेवरच्या पोराच्या नाकात जातो. त्यापेक्षा नारळाची शेंडी किंवा वाळकं चिपाड घ्या.

होळीचं विचाल, तर मंडळाची पोरं आमच्यावर चिडली होती, "सण बंद करता का?" होळीला कोण नाही म्हणतंय? शहरात विनापरवाना झाड तोडलं तर १९७५ च्या कायद्यानं १,००० ते ५,००० रुपये दंड आणि आठवड्यापासून वर्षापर्यंत कैद आहे, एवढं त्यांना सांगितलं. टायर आणि मोडक्या खुर्च्या होळीत टाकायच्या नाहीत, हेही कबूल करून घेतलं. आता पोरांना गोवऱ्या हव्यात आणि इथं त्या मिळणं मुश्कील. तुमच्या गटाला थापून विकता येतील का? भाव तुम्हीच सांगा.