एका पात्याची शिकवणी



सुट्टी लागल्या लागल्या पोहण्यावर व्याख्यान ठेवलंत, हे बरं केलंत. समोर पालक बरेच दिसताहेत, मागच्या रांगेत काही प्रशिक्षकही आहेत. मला बोलायचंय मोनोफिनवर. दोन्ही पाय शेजारी-शेजारी एकाच रुंद पात्यात घालायचे आणि सगळ्या अंगाने लाट काढत पुढे जायचं, ते हे साधन. तलावावर एका मुलाच्या पायात ते दिसलं की आठवड्याभरात चार पालक विचारायला येतात, ‘सर, कुठलं घेऊ?’ माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. वेग दाखवायला घेणार असाल तर घेऊ नका. मुलाची पाठ आणि कंबर तयार व्हावी म्हणून घेणार असाल तर जरूर घ्या, आणि मऊ घ्या.

पाण्याखालच्या या लाटेचं महत्त्व शर्यतींत दिसलं कसं? १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या प्राथमिक फेरीत अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफने ५४.५१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. पहिल्या ५० मीटरपैकी निम्म्याहून जास्त अंतर हा गडी पाण्याखालीच होता. हात डोक्यापुढे ताणलेले, आणि नुसती डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून अंगाने काढलेली तीच लाट. अंतिम फेरीत मात्र जपानच्या दाइची सुझुकीने ५५.०५ सेकंदांत सुवर्णपदक नेलं. त्याचंही हत्यार तेच होतं. हेच सुझुकी २०१५ मध्ये जपानच्या सरकारी क्रीडा विभागाचे प्रमुख झाले, म्हणजे पाण्याखाली राहूनही माणूस वर येतो! जलतरणाचा जागतिक महासंघ मात्र हबकला. पाठीवर पोहण्याची शर्यत आणि पोहणारे दिसतच नाहीत, हे चालायचं कसं? पाण्याखालचं अंतर आधी १० मीटरवर आणलं, मग १९९१ मध्ये १५ मीटर केलं. १९९६ ला अटलांटात रशियाच्या डेनिस पंक्रातोव्हने बटरफ्लायमध्ये तोच प्रकार करून दोन सुवर्णपदकं घेतली. १९९८ पासून बटरफ्लाय आणि फ्रीस्टाइललाही १५ मीटरची मर्यादा लागू झाली.

आता हिशेब करा. ५० मीटरच्या तलावात प्रत्येक लांबीला १५ मीटर म्हणजे तीस टक्के. २५ मीटरच्या तलावात तेच साठ टक्के होतात. आपल्याकडचे कितीतरी तलाव २५ मीटरचेच आहेत. तरी आपली मुलं भिंतीला लाथ मारून चौथ्या-पाचव्या मीटरला डोकं वर काढतात आणि उरलेलं अंतर हातांनी ओढत राहतात. सरावाचा सगळा घाम हातांवर जातो. ही माझी जुनी तक्रार आहे, आज जाहीर सभेत मांडून घेतो.

हा घाम पायांकडे आणि कंबरेकडे वळवायला मोनोफिन कामी येतं. ते आलं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, सोव्हिएत संघातून. ते ज्यात वापरतात तो फिनस्विमिंग हा वेगळा खेळ आहे. त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९७६ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरला झाली. स्पर्धेतलं पातं ७६ सेंटिमीटरपेक्षा रुंद किंवा लांब चालत नाही. श्वास रोखून ५० मीटर जाण्याच्या शर्यतीत तिथले अव्वल पुरुष चौदा सेकंदांच्या आसपास येतात. फिनशिवाय पोहणाऱ्या सीझर सिएलोने २००९ मध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम केला तो २०.९१ सेकंदांचा होता, यावरून अंदाज घ्या. कारण सरळ आहे. छोट्या तळपायाने थोडंसं पाणी जोरात मागे फेकण्यात शक्ती वाया जाते. मोठं पातं भरपूर पाणी सावकाश मागे ढकलतं, तेव्हा तीच शक्ती जास्त कामी येते. पण यात पात्याची करामत किती आणि मुलाची किती? पातं काढलं की वेग गेला. अंगात मुरली तेवढीच सवय आपली.

खरेदीकडे येतो. सगळ्यात महत्त्वाचं माप पायाचं. आपल्याकडे शाळेचा गणवेश काय, बूट काय, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायची रीत. मोनोफिनला ही रीत लावू नका. एक नंबर मोठं घेतलं की टाच आत वरखाली होते, वीस मिनिटांत कातडी सोलते, आणि मूल पाय आवळून पातं धरून ठेवायच्या नादात पोटऱ्यांना गोळे आणून घेतं. फिन घालून पाहायचं ते पाय ओले करून, पाण्याच्या काठावर बसून. टाच घट्ट बसली पाहिजे, पण बोटं दुमडता कामा नयेत. पातळ निओप्रीनचे मोजे घालायचे असतील तर माप घेतानाही तेच पायात हवेत.

मग पात्याचा कडकपणा. फायबरग्लासची पाती येतात, कार्बन फायबरचीही येतात, आणि महाग ते चांगलं असं आपण धरून चालतो. इथे ते उलटं पडतं. कडक पातं वाकवायला मांड्या आणि पोट तयार लागतं. ते नसलं की मूल लाट सोडून देतं आणि गुडघ्यातून सायकल मारू लागतं. जी खोड मोडायला साधन घेतलं, तीच पक्की होते. मऊ, आखूड पातं घ्या. आणखी एक परीक्षा घरी करा. मुलाला पाय लांब करून जमिनीवर बसवा आणि चवडे पुढे ताणायला सांगा. पाऊल नडगीच्या रेषेत येत नसेल तर आधी महिनाभर घोट्याचे व्यायाम करा, दुकानात नंतर जा.

पाण्यात पहिला धडा मी पाठीवर देतो. हात डोक्यामागे ताणलेले, तळवा तळव्यावर, कान दंडांमध्ये. आता किक मारायची आणि आपल्याच गुडघ्यांवर नजर ठेवायची. गुडघे पाण्याबाहेर आले की चुकलं. लाट छातीपासून निघते, पोटातून कंबरेत, मांडीतून घोट्यात येते आणि पात्याच्या टोकाला संपते. साध्या किकमध्ये मुलं खाली जोर मारतात आणि पाय वर येताना आराम करतात. मोनोफिनमध्ये हा आराम लगेच उघडा पडतो, पातं लोंबकळतं आणि मूल जागच्या जागी राहतं. दोन्ही दिशांना सारखा जोर लावणं पायांना या पात्याइतकं लवकर कोणी शिकवत नाही.

प्रमाण थोडंच ठेवा. आठवड्यातून दोनदा, २५ मीटरचे आठ फेरे, मध्ये पुरेसा दम खायचा. आणि लगेच पातं काढून तसेच चार फेरे अनवाणी पायांनी. ते शेवटचे चार फेरे चुकवायचे नाहीत, पायाला लागलेली जाण तिथेच मुरते. कंबर दुखली तर त्या दिवशी बंद. बारा वर्षांखालच्या मुलाला माझ्या मते याची गरज नाही.

आता जरा कडक बोलतो. पाण्याखाली जाण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची मुलांना हौस असते. त्याने शरीरातला प्राणवायू नावालाच वाढतो, कार्बन डायऑक्साइड मात्र निघून जातो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. तो इशाराच बंद पडला की प्राणवायू संपत येतो आणि पोरगं काहीही न जाणवता बेशुद्ध होतं, तेही कमरेएवढ्या पाण्यात. चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतही हे घडतं. म्हणून श्वास रोखायच्या पैजा नाहीत, एकट्याने मोनोफिन नाही, आणि काठावरच्या माणसाची नजर मोबाइलवर नाही.

गर्दीच्या लेनमध्येही ते नको. जवळजवळ हातभर रुंद पातं दुसऱ्याच्या तोंडावर बसलं तर दात जातात. ते घालून काठावर चालायचं नाही, टोकावर उभं करून ठेवायचं नाही. सराव झाला की गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायचं.

शेवटी क्लबच्या मंडळींना एक विनंती. प्रत्येक घराने हजारो रुपये घालण्यापेक्षा क्लबने वेगवेगळ्या मापांची चार-पाच मऊ पाती घ्यावीत आणि आठवड्यातून दोनदा एक लेन अर्धा तास मोकळी ठेवावी. माप बदललं की मुलाने पुढचं उचलावं. पालकांनो, तोवर पाकीट खिशातच राहू द्या.