अवजड यंत्रांसाठी ट्रेलरची निवड

रस्ते, धरणे आणि इमारती यांच्या कामांवर वापरली जाणारी पोकलेन, डोझर आणि रोलर ही यंत्रे साखळीपट्ट्यांवर किंवा लोखंडी ड्रमवर चालतात. डांबरी रस्त्यावरून ती लांबवर चालवत नेल्यास रस्ता उखडतो आणि यंत्राचीही झीज होते, म्हणून एका कामावरून दुसऱ्या कामावर ती ट्रेलरवर चढवूनच न्यावी लागतात. असा ट्रेलर ठरवताना बहुधा भाड्याचा दर आणि ‘चाळीस टनी’ यांसारखे बोलीतले नाव एवढेच पाहिले जाते; वास्तविक ही निवड यंत्राचे वजन, त्याची उंची-रुंदी आणि जाण्याचा मार्ग या तीन गोष्टींवर आणि याच क्रमाने व्हावयास हवी.

पहिला विचार वजनाचा. माहितीपत्रकातील वजन सामान्यतः मूळ यंत्राचे असते. खडक फोडण्याचा ब्रेकर किंवा जादा बकेट बरोबर न्यावयाची असल्यास वीस टनी वर्गातील पोकलेनच्या भारात दीड-दोन टनांची भर सहज पडते, म्हणून वजनकाट्याची पावती हाच विश्वसनीय आधार होय. कायदा पाहतो ते एकूण भारित वजन, म्हणजे ट्रेलर ओढणारे पुढचे वाहन (ज्याला प्राइम मूव्हर म्हणतात), रिकामा ट्रेलर आणि त्यावरील माल या तिन्हींची बेरीज. त्याशिवाय प्रत्येक आसावर किती भार यावा, हेही ठरलेले आहे. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चार टायरांच्या एका आसाला ११.५ टन, जोडआसाला २१ टन आणि तीन आसांच्या संचाला २७ टन अशी मर्यादा आहे. दोन आसांचा प्राइम मूव्हर आणि जोडआसाचा ट्रेलर यांची एकूण मर्यादा ३९.५ टन होते. दोन्ही रिकाम्या वाहनांचे वजन १६ टन धरल्यास २२ टनांचे पोकलेन त्यावर जेमतेम बसते, पण दोन टनांचा ब्रेकर चढताच मर्यादा ओलांडली जाते. अशा वेळी तीन आसांचा ट्रेलर घ्यावा, कारण त्याने ट्रेलरचे स्वतःचे वजन काहीसे वाढले तरी एकूण मर्यादा ४५.५ टनांवर जाते.

एकूण वजन नियमात असले तरी यंत्र ट्रेलरवर कोठे उभे राहते, याला तितकेच महत्त्व आहे. ट्रेलरचा पुढचा भाग किंगपिन नावाच्या जाड खुंट्याने प्राइम मूव्हरवरील फिफ्थ व्हील या फिरत्या बैठकीवर टेकलेला असतो. यंत्र फार मागे ठेवल्यास या बैठकीवरील भार घटतो आणि घाटाच्या चढावर ओढणाऱ्या चाकांची पकड सुटू लागते; फार पुढे ठेवल्यास त्याच चाकांच्या आसावर मर्यादेपेक्षा जास्त भार येतो.

दुसरा विचार उंची-रुंदीचा. सपाट तळाच्या, म्हणजे फ्लॅटबेड, ट्रेलरचा तळ जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असतो, तर मधला भाग खाली घेतलेल्या लो-बेडचा तळ साधारणतः एक मीटरच्या आसपास असतो. वीस टनी पोकलेन बूम दुमडल्यावरही सुमारे तीन मीटर उंच राहते. फ्लॅटबेडवर ही उंची साडेचार मीटरपर्यंत जाते, लो-बेडवर ती चार मीटरच्या जवळपास राहते. मालवाहू वाहनांसाठी उंचीची सर्वसाधारण मर्यादा ४ मीटर आणि रुंदीची २.६ मीटर आहे. या वर्गातील पोकलेनची रुंदीच सुमारे २.८ मीटर असल्यामुळे कितीही चांगला ट्रेलर घेतला तरी हा माल ‘ओडीसी’, म्हणजे ठरावीक मापांबाहेरचा माल ठरतो आणि त्यासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

तिसरा विचार मार्गाचा. लो-बेड उंचीचा प्रश्न सोडवतो, पण त्याचे पोट जमिनीलगत असल्यामुळे उंच गतिरोधक, मोरीवरचा चढ किंवा रेल्वे फाटकाचा उंचवटा येथे ते टेकून अडकते. कच्च्या रस्त्याच्या कामावर जावयाचे असल्यास फ्लॅटबेड आणि लो-बेड यांच्या मधल्या उंचीचा सेमी-लो-बेड अधिक सोयीचा ठरतो. घाटातील तीव्र वळणावर लांब ट्रेलरची मागची चाके आतल्या बाजूने रस्ता कापतात, त्यामुळे आवश्यकतेहून अधिक लांबी हा गुण नव्हे. उतारावर बराचसा भार ट्रेलरच्या ब्रेकांवर येत असल्याने त्यांची तपासणी घाट लागण्यापूर्वी सपाटीवरच व्हावी.

यंत्र चढवण्याची आणि बांधण्याची सोय हाही निवडीचा भाग आहे. रोलरचा गुळगुळीत ड्रम ओल्या लोखंडी रॅम्पवर घसरतो, म्हणून लाकडी फळ्यांचा तळ आणि कमी चढाचा रॅम्प असलेला ट्रेलर घ्यावा. ट्रेलरला साखळ्या अडकवण्याची पक्की कडी चारही कोपऱ्यांजवळ असावीत, बकेट तळावर टेकवावी आणि वरचा भाग फिरू नये म्हणून त्याचे कुलूप लावावे. युरोपीय मानकानुसार पुढे घसरण्याविरुद्धची पकड, घर्षण धरून, मालाच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के असावी. साखळी मोजताना ती तुटण्याची क्षमता न पाहता तिचा सुरक्षित कार्यभार पाहावा.

जादा भारासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही वाहनचालकाच्या बाजूसच येतो. म्हणून यंत्रमालकाने भाडे ठरवण्यापूर्वीच वजनाची पावती, यंत्राची मापे आणि मार्गाची माहिती ट्रेलरमालकापुढे ठेवावी, ट्रेलरच्या नोंदणी प्रमाणपत्रावरील वजन स्वतः वाचून पाहावे आणि या आकड्यांत न बसणारा ट्रेलर कितीही स्वस्त मिळाला तरी नाकारावा.