अनुपान लिहायचं राहिलं
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय, 'शस्त्रक्रियेनंतरची औषधे'. ती कशाकशासाठी देतात हे तुम्हाला ठाऊक आहे. निम्म्या सभागृहाचं काही ना काही ऑपरेशन झालेलं असणार, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही. मी ३३ वर्षं रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीमागे काढली. घरी निघालेल्या पेशंटला सगळे विचारतात, टाके दुखतायत का, पोट साफ झालं का, बिल भरलं का. 'तुम्हाला गोळी गिळता येते का?' हा प्रश्न मात्र मी क्वचितच ऐकला. आज मी त्या एका प्रश्नासाठी आले आहे.

मोठी गोळी गिळवत नाही अशांनी जरा हात वर करा. बरेच आहेत! मागे एक काका शेजारच्या काकूंचाच हात वर करतायत. (हशा)

एरवी सहज गिळणारेसुद्धा ऑपरेशननंतर अडखळतात. पूर्ण भूल देताना बहुधा श्वासनलिकेत नळी घातलेली असते, त्यामुळे घसा एकदोन दिवस खवखवतो. त्यात उपास घडलेला, नाकाला ऑक्सिजन, वर जोरदार वेदनाशामकं. तोंडाला कोरड पडते. कोरड्या जिभेला गोळी चिकटते, तिथेच विरघळते, कडू लागते आणि उमासा येतो. दुसऱ्या दिवशी गोळी नुसती दिसली तरी घसा आवळतो.

माझ्या वडिलांचं सांगते. दोन मिनिटांत आवरते. ७८ वर्षांचे होते, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. सात प्रकारच्या गोळ्या घेऊन घरी आले. मी तीन वाट्या मांडल्या, सकाळ, दुपार, रात्र. वाट्या रिकाम्या व्हायच्या. विचारलं की म्हणायचे, "घेतल्या गं." नवव्या दिवशी त्यांची पोटरी सुजली. दवाखान्यात निघताना चष्मा घ्यावा म्हणून मी चष्म्याचं घर उघडलं. आत गोळ्या. निळ्या मखमलीला चिकटलेल्या. दोन गुलाबी गोळ्यांचं आवरण लाळेनं सुटून त्या एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या, आणि मखमलीवर गुलाबी डाग पडला होता. गालात धरायच्या, मी वळले की काढून ठेवायच्या. मी १९ मोजल्या. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी त्यांतच होती, आणि सोनोग्राफीत पायात गुठळी निघाली.

त्यांनी मला का नाही सांगितलं? लाज वाटली. जन्मभर नांगर धरलेला माणूस, औषधाच्या खिडकीवर बसणाऱ्या लेकीला कसं सांगणार की गोळी उतरत नाही? आणि मीही विचारलं नव्हतं. वाट्या मांडल्या की काम झालं, असं धरून चालले होते.

घरी आल्यावर आईनं खल काढला. चुकीचं काय केलं तिनं? आपल्या घरात सहाणेवर बाळगुटी उगाळतात, खलात मात्रा घोटतात. आणि वैद्य कधी नुसती पुडी देत नसे. मधातून घ्या, तुपातून घ्या, कोमट पाण्याबरोबर घ्या, हे सांगितल्याशिवाय चिठ्ठी पुरी होत नसे. याला अनुपान म्हणतात. औषध कोणतं याच्याइतकंच ते कशाबरोबर आत जाणार, हेही वैद्याचंच काम होतं. यंत्रात दाबून केलेली गोळी त्या मानानं अलीकडची. १८४३ साली विल्यम ब्रोकडन नावाच्या इंग्रज चित्रकारानं तिचं पेटंट घेतलं. त्याला पेन्सिलीसाठी ग्रॅफाइटचा भुगा दाबून घट्ट करायचा होता, त्याच पेटंटात त्यानं औषधाच्या गोळ्याही घातल्या. गोळी आली, सुटसुटीत झाली, आणि अनुपान लिहायचं राहिलं.

पण आईला मी थांबवलं. आजची प्रत्येक गोळी खलात घालण्याजोगी नसते. गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर असं काही असेल तर ते औषध कित्येक तास हळूहळू सुटण्यासाठी बांधलेलं असतं. एसआर ट्रामाडॉल कुटलंत तर दिवसभराचा साठा एकदम अंगात जातो. पॅन्टोप्राझोलवर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, ते फोडलं की औषध पोटातल्या आम्लात वाया जातं. गुठळीवरच्या औषधांचं तर विशेष पाहा. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडून दाणे दिले तर रक्तात पोचणारं औषध ७५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतं, म्हणजे रक्तस्रावाला निमंत्रण. आणि त्याच कामाचं रिव्हारोक्साबॅन मात्र कुटून शिजवलेल्या सफरचंदाच्या गरातून देता येतं. हे कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. अनुपानच आहे ते! पण पत्रक खोक्यात राहतं, खोकं मेडिकलच्या फळीवर राहतं आणि आपल्या हातात येते कात्रीनं कापलेली अर्धी पट्टी. एसआर ही अक्षरं नेमकी दुसऱ्या अर्ध्यावर.

पहिल्या रांगेत डॉक्टर मंडळी आहेत. काय म्हणालात? "पेशंट सांगतच नाहीत." खरं आहे, माझ्या वडिलांनीही सांगितलं नाही. मी तक्रार घेऊन आलेले नाही. ओपीडीत बाहेर किती माणसं ताटकळतात ते खिडकीतून मला रोज दिसायचं. पण डिस्चार्ज कार्डावर 'दिवसातून दोनदा'च्या पुढे चार शब्द लिहायला जागा असते. कुटून चालेल, कुटू नये, पातळ द्या, इतकंच. माझ्या वडिलांच्या दुसऱ्या कार्डावर ते लिहिलं गेलं, मी आग्रह धरला म्हणून.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. मग इतिहास इथेच सोडते.

पर्याय असतात, मागावे लागतात. पॅरासिटामॉल पातळ मिळतं. बाटलीवर ५ मिलीत २५० मिग्रॅ असेल तर ५०० च्या एका गोळीसाठी १० मिली. बाटलीबरोबरच्या मापानं मोजा, पोह्यांच्या चमच्यानं नको. मधुमेह असेल तर साखर नसलेलं मागा. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन जिभेवर विरघळणारं येतं. दुखण्यावर गुदद्वारात ठेवायच्या गोळ्या असतात, त्यात संकोच करू नका. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर घेऊ नका, दुधातल्या कॅल्शियममुळे ते नीट शोषलं जात नाही. डॉक्सिसायक्लिन घोटभर पाण्यावर घेऊन आडवं झालात तर ते अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करतं. पेलाभर पाणी, आणि अर्धा तास तरी बसून राहायचं.

आता हा पेला बघा. कॅप्सूल टाकली, तरंगते आहे. आपण काय करतो? मान मागे टाकतो. कॅप्सूल पाण्यावर तरंगत पुढे दातांकडे येते आणि घशात नुसतं पाणी जातं. २०१४ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी १५१ जणांवर उलटं करून पाहिलं. कॅप्सूल जिभेवर, पाण्याचा घोट तोंडात, हनुवटी छातीकडे, आणि तसंच वाकून गिळायचं. जवळजवळ ८९ टक्के वेळा गिळणं सोपं गेलं. वडिलांना मी हे शिकवलं. पहिल्यांदा मान खाली घालून गिळल्यावर ते बराच वेळ तसेच बसून होते, मग म्हणाले, "गेली वाटतं."

मात्र साध्या पाण्यानंही ठसका लागत असेल, गिळल्यावर आवाज ओला येत असेल, किंवा मानेचं, घशाचं ऑपरेशन झालं असेल, तर यातलं काही घरी करून बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

घंटा वाजली. प्रश्न बरेच दिसतायत, इथे पुरे होणार नाहीत. उद्या चार ते सहा मी खालच्या वाचनालयात बसते. घरात असतील ती औषधं घेऊन या, डब्यात काढून नव्हे, पट्टीसकट. आणि पट्टी कापलेली असेल तर दुसरा तुकडाही शोधून आणा.