गायरान गाईचे की शेळीचे?



आपल्या हिंगोलीच्या शिवारात ज्वारी मागे सरून सोयाबीन आले, तेव्हापासून कडब्याच्या गंजी आखडल्या. साहजिकच गायरानाचे मोल वाढले आणि त्याबरोबर तंटेही. बैलवाला म्हणतो, शेळ्या हाकला, त्यांच्या तोंडाला विष आहे.

आम्हाला हे पटत नाही. चरणारी तोंडे जरा न्याहाळून पाहा. गाय जिभेचा वेढा घालून उंच गवत ओढते. जमिनीलगतचे तिला साधत नाही. मेंढी ते चिरलेल्या ओठाने खुडते. शेळी मान वर करून बोरीबाभळीचा पाला शोधते. शेणाभोवतीचे गवत गाय हुंगून सोडते, मेंढीला त्याचे काही वाटत नाही. एकाच रानात अशा तीन पंगती उठतात! शिवाय मेंढीचे बहुतेक जंत गाईच्या पोटात तग धरत नाहीत. मेंढी आणि शेळी यांचे जंत मात्र बव्हंशी एकच. यकृतातला चपटा कृमी तर पाणथळीजवळ कोणालाच सोडत नाही.

मग रान उजाड होते ते कशाने? मृगाच्या पावसानंतर कोंब बोटभर निघतात न निघतात तोच सारी जनावरे आत शिरतात. मारवेल, पवना अशी चांगली गवते बी धरण्यापूर्वीच संपतात आणि उरते कुसळी, जिची कुसळे मेंढीच्या लोकरीतून कातड्यात रुततात. गवत वाढू द्यावे, आधी गुरे सोडावीत, मागून मेंढ्या, आणि रानाचा एक तुकडा बी पडेपर्यंत बंद ठेवावा, एवढेच करायचे आहे. संख्येचा हिशेब मात्र सुटत नाही. एका गाईच्या चाऱ्यात पाच-सहा शेळ्या निभतात. तीन पंगती झाल्या म्हणून जेवणारे तिप्पट करता येत नाहीत.

1966 च्या जमीन महसूल संहितेने गायरानातील चराईचा हक्क त्या गावच्या गुरांपुरता ठेवला आहे. बाहेरून येणाऱ्या धनगराची गोष्ट त्यामुळे निराळी. गावच्या शेळीची नव्हे. आणि शेळी कोणाची असते? ज्याच्या नावावर गुंठाभरही रान नाही, त्याची. बैलवाल्याला बांध आहे, धुरा आहे, सोयाबीनचे भुसकट आहे. तिला गायरानावाचून दुसरे कुरण नाही. म्हणून कोणता तुकडा किती दिवस बंद ठेवायचा हे ग्रामसभेत ठरेल, त्या दिवशी शेळ्या राखणारी बाई सभेत बसलेली असावी, आणि सभा तिच्या शेळ्या रानातून परतल्यावर, दिवेलागणीनंतर भरवावी.