पगारातून पैसे कापले? आधी हे ऐका

समजा, तुम्ही कात्रज चौकाजवळच्या एखाद्या दुकानात महिना १५ हजारांवर काम करताय. एक दिवस दांडी झाली आणि मालकाने दोन दिवसांचा पगार कापला. चालतं का हे? नाही चालत.

२१ नोव्हेंबर २०२५पासून वेतन संहिता लागू झालीये. आधीच्या १९३६च्या कायद्याला पगाराची मर्यादा होती, आता ती नाही.

नियम सोपे आहेत. गैरहजेरी जितकी, कपात तितकीच. वस्तू फुटली किंवा गल्ल्यात तूट आली, तर ती तुमच्याच निष्काळजीपणामुळे झालेली असली पाहिजे. आधी तुमचं म्हणणं ऐकायचं, मगच कापायचं. तेही नुकसानीपेक्षा जास्त नाही. दंड पगाराच्या ३ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे १५ हजारांवर ४५० रुपये. कशाकशाला दंड लागेल, याची नोटीस आधीच लावलेली हवी. आणि पीएफ, व्यवसाय कर, उचल, सगळं धरून कपात निम्म्याच्या वर जाता कामा नये. साडेसात हजार हातात आलेच पाहिजेत!

नोकरी सोडलीत? कामाच्या दोन दिवसांत हिशोब चुकता व्हायला हवा.

लगेच भांडू नका. आधी पगाराची स्लिप मागा, तो तुमचा हक्क आहे. मग व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा, ‘हे पैसे कशाचे कापले?’ उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. नाहीच ऐकलं, तर पुण्यातलं कामगार आयुक्त कार्यालय गाठा. दाव्यासाठी ३ वर्षांची मुदत आहे.

हा भाग कामावरच्या मित्राला नक्की पाठवा. भेटूया!