"कोण म्हणाले?" : सकाळच्या बातम्यांविषयी थोडेसे

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मला 'रेडिओ आणि शिक्षण' या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. विषय मोठा आहे. मी त्यातली फक्त सकाळ घेतो.

बोईसरला आमच्या घरी रेडिओ लावण्याचे काम अब्बांकडे असे. सातनंतर पुण्याहून प्रादेशिक बातम्या, आठला दिल्लीहून हिंदी 'समाचार प्रभात', साडेआठला मराठी बातम्या. अब्बा एमआयडीसीत कामाला होते. पहिली पाळी असली की त्यांच्या बातम्या चुकत. मग संध्याकाळी ते मला विचारीत, "आज काय सांगितले?" मी सांगू लागलो की पुढचा प्रश्न ठरलेला, "कोण म्हणाले?" मला त्याचा फार कंटाळा येई.

मार्च 2011 मध्ये जपानात फुकुशिमाचा अपघात झाला. आपल्या तारापूरच्या 1969 साली सुरू झालेल्या दोन अणुभट्ट्याही तशाच, उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या. शटलमध्ये, टपरीवर दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे इथेही काहीतरी झाले आहे, कोणी म्हणे गावे रिकामी करणार. 14 मार्चला पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांनी देशातील अणुवीज केंद्रांच्या सुरक्षेची तपासणी होईल असे लोकसभेत सांगितले. अब्बांनी ते रेडिओवर ऐकले. त्यांची काळजी मिटली असे मी म्हणणार नाही. पण कोण, कोठे, काय बोलले हे कळले आणि ते डबा घेऊन कामावर गेले.

आता एक अप्रिय गोष्ट सांगतो. 16 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीत, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला. त्याआधी चोर फिरतात, मुले पळविणारे फिरतात, अशा अफवा मोबाईलवरून पसरल्या होत्या. नंतर दुसरी अफवा उठली आणि प्रकरणाला जातीय रंग देण्यात आला. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या 101 जणांची यादी जाहीर करून, त्यात एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. त्याच दिवसांत मीही, बी. ए., बी. एड. झालेला माणूस, चोरांविषयीचा एक संदेश दोघांना पुढे पाठविला होता. अब्बांनी विचारले, "कोण म्हणाले?" मला उत्तर देता आले नाही.

याचा अर्थ रेडिओ सांगेल ते सारे खरे, असा कृपया घेऊ नये. 26 जून 1975 च्या सकाळी आणीबाणीची घोषणा देशाने आकाशवाणीवरच ऐकली, आणि त्यानंतर काय ऐकू येत नव्हते हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. 1997 पासून आकाशवाणी प्रसार भारतीकडे आहे. खाजगी एफएमवाल्यांना मात्र स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा मिळालेली नाही. म्हणजे रेडिओवर बातमीचे दुकान एकच! बातम्यांनंतर लागणारा 'दिलखुलास' हा मुलाखतींचा कार्यक्रमही राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचा. त्यातून मंत्र्यांकडून, अधिकाऱ्यांकडून योजनांची माहिती मिळते, ती उपयोगाची असते. पण प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच घरचे असले की उलट प्रश्न कोण विचारणार?

म्हणून मी नववीच्या मुलांना एक काम देतो. सकाळची एखादी मुलाखत मोबाईलवर ऐकायची, कारण रेडिओचे संच आता फारसे कोणाकडे नाहीत. आणि वहीत लिहायचे : कोण बोलले, काय विचारले, आणि काय विचारले नाही. तिसऱ्या रकान्यात सुरुवातीला सगळ्यांचे कोरेच असते. एकदा किनाऱ्यावरील एका प्रकल्पाविषयीची मुलाखत ऐकून मच्छीमारांच्या घरची एक मुलगी उभी राहिली. "सर, मासळी विकणाऱ्या बायकांना कोणी विचारले नाही."

मी म्हटले, "मग तू विचार."

ती आपल्या आजीकडे गेली. आजीने आधी विचारले, "हे रेडिओवर लागणार का गं?" नाही म्हटल्यावर म्हातारी तासभर बोलली. मासळी किती मिळते, बर्फाला काय पडते, प्रकल्पाचा माणूस घरी आला होता की नाही, सारे. मुलीने नाव आणि तारीख घालून ते उतरून घेतले. नंतर आणखी पाच मुलांनी अशा मुलाखती घेतल्या. त्या सहा वह्या आज बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पालकांनी जाताना अवश्य पाहाव्यात.