उणे वीस अंशांत सायकल

फिनलंडमधल्या औलू शहरात मी एक हिवाळा सायकलनं कामावर गेलो. पारा उणे २० अंशांवर असला तरी शाळेची मुलंही सायकलवर दिसत. निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे घालायचे. नाहीतर घाम येतो आणि थांबल्यावर तोच गारठवतो. घट्ट दाबलेल्या बर्फावर चाक सहसा घसरत नाही. खरा धोका शून्य अंशाच्या आसपास, बर्फ वितळून पुन्हा गोठला की! औलूत सायकलींचे मार्ग वेगळे आहेत आणि त्यांवरचा बर्फ वेळेवर हटवला जातो. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली तिथंच भरली. आपलं पुणं एकेकाळी सायकलींचं शहर. तिथं बर्फ पडत नाही. तरी मुलांना सायकलवर शाळेत पाठवायला आईवडील धजत नाहीत. अडचण हवेची नाही, रस्त्याची आहे.